दाखवायचं घर

त्यांना सगळे सॅम्पलताई म्हणत. बांधकामावरच्या मुकादमापासून ऑफिसातल्या हिशेबनिसापर्यंत कुणालाही त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर तो डोकं खाजवत बसला असता. त्यांचं काम होतं सॅम्पल फ्लॅट दाखवायचं. इमारतीला अजून गिलावा नव्हता, लिफ्टच्या जागी नुसतंच काळं भोक होतं, जिन्याला कठडा नव्हता. पण पहिल्या मजल्यावरचं एक घर मात्र असं सजवून ठेवलेलं, की आतली माणसं आत्ताच पाय मोकळे करायला खाली उतरली असावीत आणि एवढ्यात परत येतील, असं वाटावं.

गिऱ्हाईक आलं की ताई दार उघडायच्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "या, हा आपला हॉल. इकडून सकाळचं ऊन येतं. ही आपली बाल्कनी. इथे दोन खुर्च्या आरामात बसतात." यातला 'आपला' हा शब्द सेल्सच्या साहेबांनी शिकवलेला. 'तुमचा' म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं आणि 'आपला' म्हटलं की आत येऊन बसतं, असं त्यांचं शास्त्र होतं. गिऱ्हाइकावर त्याचा काय परिणाम व्हायचा ते साहेबच जाणोत. ताईंवर मात्र झाला. वर्षानुवर्षं आपला हॉल, आपलं किचन, आपली बेडरूम म्हणता म्हणता ते घर कधी त्यांच्या मनात मुक्कामाला आलं, ते त्यांनाही कळलं नाही.

तसं त्या घरात खरं फार थोडं होतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, टोपलीतली फळं मेणाची, कपाटातल्या पुस्तकांना नुसते कणे, आत पानंच नाहीत. नळ चकचकीत, पण त्यांना पाणी नाही. पलंग तेवढा खरा होता. त्यावरची चादर ताई रोज सकाळी काढून झटकायच्या आणि पुन्हा घालायच्या. वास्तविक तिच्यावर कुणी झोपलेलं नसायचं. वॉचमनकाका एकदा म्हणाले, "ताई, उगाच कशाला राबता? जशी काल घातली तशीच तर आहे." ताई म्हणाल्या, "घर आहे ना काका. सकाळी अंथरूण काढायला नको?"

हे झालं कामावरचं. राहायला त्या धाकट्या भावाकडे होत्या.

पूर्वी असं नव्हतं. त्यांच्या यजमानांचं बाजारपेठेत बॅगांचं दुकान होतं. मोठ्या प्रवासी बॅगा, ऑफिसच्या बॅगा, पोरांची दप्तरं. आख्खा बाजार त्यांना बॅगवाले म्हणूनच ओळखायचा. दुकानाच्या मागच्या गल्लीत भाड्याचं घर होतं, दोनच खोल्यांचं, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी आपापसात वाटून घेऊन केव्हाच संपवलं होतं. दुपारी बॅगवाले जेवायला घरी यायचे, ताई खिडकीतून त्यांची वाट बघायच्या, आणि दोघांचं कशावरून तरी वाजायचं. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून ते दुकानाची पाटी कुठल्या रंगाची हवी इथपर्यंत. भांडता भांडता जेवण व्हायचं आणि जेवता जेवता भांडण मिटायचं.

मग मंदी आली. लोकांनी आधी काय बंद केलं असेल, तर प्रवास. ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही तो कशाला बॅग भरतोय? जुन्या बॅगांची चाकं बदलून घ्यायला तेवढी माणसं यायची. त्यानंतर ऑफिसच्या बॅगा खपेनाशा झाल्या, कारण ऑफिसंच ओस पडली. बॅगवाल्यांनी तग धरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण शेवटी शटर खाली ओढावं लागलं. पाठोपाठ घरही सोडलं. सगळा संसार न खपलेल्या बॅगांमध्ये भरला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकलेली ती दोघं बॅगा घेऊन दोन दिशांना गेली. ताई भावाकडे, आणि तिथून या बांधकामावर कामाला. बॅगवाले दूरच्या शहरात, ऑनलाइन मालाच्या गोदामात. लोक दुकानात जायचे थांबले होते, पण वस्तू घ्यायचे थांबले नव्हते. आता त्यांना सगळं घरपोच हवं होतं. ते खोक्यात भरून द्यायला माणसं लागत होती.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," बॅगवाले निघताना म्हणाले होते. थोडे दिवस संपायचं नाव घेईनात.

भाऊ चांगला होता. भावजय त्याहून चांगली होती, आणि तीच खरी पंचाईत होती. कुणी तोडून बोललं असतं तर ताईंना रागावता तरी आलं असतं. भावजय म्हणायची, "ताई, तुम्ही बसा हो, मी करते." मग ताई बसायच्या, आणि बसल्या बसल्या आपण पाहुण्या आहोत हे त्यांना पुन्हा एकदा कळायचं. झोपायला हॉलमधला दिवाण होता. टीव्ही बंद झाला, भाचीचा अभ्यास आटोपला, भावाचं दार लागलं, की मग त्यांना आडवं होता यायचं. कामावरून आल्यावर यजमानांशी बोलायचं तर जिन्यात उभं राहून. वरचे शेजारी उतरायला लागले की त्या आवाज बदलून "हो हो, कळवते मी त्यांना," असं काहीतरी बोलायच्या. पलीकडून बॅगवाले विचारायचे, "कोण आलं?" शेजारी खाली जाईपर्यंत दोघं गप्प.

बॅगवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गोदामाजवळच्या खोलीत एका गादीला दोन माणसं होती. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा तिच्यावर आडवा. बॅगवाले रात्रपाळीचे. "गादी कधी गार होत नाही," ते हसून सांगायचे. ताईंना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

सुट्टी मिळाली की ते यायचे. भाऊ मोठ्या प्रेमानं स्वागत करायचा. रात्री बॅगवाले आणि भाऊ हॉलमध्ये, ताई आत भावजयीजवळ. दिवसा दोघं बाहेर पडायची. कधी बागेतलं बाकडं, कधी कोपऱ्यावरचं हॉटेल. एक चहा संपवायला किती वेळ लावता येतो याची त्यांना आता सवय झाली होती. लग्नाला इतकी वर्षं झालेली दोन माणसं चोरून भेटणाऱ्या कॉलेजच्या पोरांसारखी एका कडेला बसायची, आणि वेटर फडकं मारायला आला की दचकायची.

अशाच एका सुट्टीत बॅगवाल्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. ताई कामावर होत्या. दारात पावलं वाजली म्हणून त्या पुढे झाल्या, तर इस्त्रीचा शर्ट घालून समोर यजमान उभे! आणि त्यांच्या मागे सेल्सचे साहेब.

"या सर, या," साहेब म्हणाले. कितीतरी दिवसांनी आलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं. "लहान बघताय की मोठं?"

"मोठं," बॅगवाले म्हणाले. "दोघंच आहोत. पण मोठं."

"ताई, सरांना दाखवा नीट."

ताई दोन पावलं मागे सरल्या. पण जीभ सवयीनं वळली. "या सर. हा आपला हॉल."

"आपला?" बॅगवाल्यांनी भुवया उडवल्या.

"आपला म्हणजे... तुमचा. पुढे चला."

किचनमध्ये बॅगवाले ओट्यापाशी थांबले. "ओटा जरा उंच वाटतो. आमची ही साधारण तुमच्याच उंचीची आहे. जरा उभ्या राहून दाखवता?"

साहेबांनी मान हलवली, दाखवा म्हणून. ताई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. समोरच्या खिडकीतून अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या इमारतीचे खांब दिसत होते. बॅगवाले दारात उभं राहून बघत राहिले. ते ओट्याची उंची बघत नव्हते. घरी दुपारी जेवायला आल्यावर चपला काढता काढता ते असेच बघायचे.

"तिला स्वयंपाक करताना खिडकी लागते," ते हळूच म्हणाले.

बेडरूममध्ये साहेबांनी विचारलं, "मॅडमना कुठली बाजू आवडते, सर? त्याप्रमाणे लाइटचं बटण देता येईल."

"भिंतीकडची. कडेला झोपलं की तिला पडायची भीती वाटते."

"मला... म्हणजे बायकांना वाटतेच," ताई पटकन म्हणाल्या.

ते गेल्यावर साहेब हात चोळत म्हणाले, "हे गृहस्थ घेणार बघा. इतक्या मनापासून घर बघणारं माणूस मी वर्षात पाहिलं नाही." मग साहेबांनी पुढचे कितीतरी आठवडे बॅगवाल्यांना फोन करून भंडावून सोडलं. बॅगवाले पाळीवरून येऊन जरा डोळा लागला की फोन वाजायचा, "सर, मग काय ठरलं?" आणि बॅगवाले खरं तेच सांगायचे, "घर फार आवडलंय हो. जमलं पाहिजे."

काही जमलं नाही. त्यांचं नाही, साहेबांचंही नाही. मोठी घरं विकली जाईनात. साहेब एक दिवस आपली फुलझाडाची कुंडी काखेत मारून गेले ते परत आले नाहीत. हळूहळू मंदी ओसरली म्हणे, पेपरात तसं यायला लागलं. गिऱ्हाईक पुन्हा दारात दिसू लागलं. पण हे गिऱ्हाईक निराळं होतं. पूर्वी लोक यायचे आणि विचारायचे, हॉल केवढा, फरशी कुठली, पाहुणे किती मावतील. आता नवरा-बायको यायची आणि बेडरूमच्या कोपऱ्यात हातानं मापं घ्यायची: इथे तुझं कॉम्प्युटरचं टेबल, तिथे माझं, आणि मधे काय टाकलं म्हणजे एकमेकांच्या मीटिंगचा आवाज येणार नाही? कुणी लग्न झालेला मुलगा आईबापांना घेऊन यायचा, कारण दोन घरं चालवणं दोघांनाही झेपत नव्हतं. दोन प्रौढ मैत्रिणी आल्या, त्यांना मिळून एक घर घ्यायचं होतं. एकीला पहाटे गाणं म्हणायची सवय, म्हणून दुसरी भिंतींवर टिचक्या मारून बघत होती. "आणि हा सोफा नवाच घ्यायला पाहिजे का?" लोक विचारायचे. "जुना चांगला कुठे मिळेल?" एका बाईनं तर दारामागची जागा बघून समाधानानं म्हटलं, "इथे घडीचा पलंग उभा राहील." ताईंना तिचा राग आला नाही, उलट तिला मिठी मारावीशी वाटली. ही सगळी माणसं त्यांच्याच जातीची होती. जागेत माणसं बसवणारी.

कंपनीत साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी ठरवलं की मोठी घरं विकत बसण्यात अर्थ नाही. एकेका घराच्या लहान लहान खोल्या करायच्या, किचन आणि बसायची जागा सगळ्यांत मिळून, आणि खोल्या भाड्यानं द्यायच्या. नोकरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसांना असंच हवं असतं.

"सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून करू," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी भिंती पाडायला माणसं येतील. ताई, तुम्हाला मी सोडत नाही हं. देखरेखीला कुणीतरी घरचं माणूस लागेल. तुम्हाला एक खोली मिळेल, राहायला."

ताईंनी लगेच विचारलं, "दोघांना चालेल?"

मॅडम ओशाळल्या. "एका खोलीत एकच माणूस, असा नियम ठेवलाय, ताई. सध्या तरी."

संध्याकाळी जिन्यात उभं राहून ताईंनी यजमानांना फोन लावला. "रविवारी या. काही झालं तरी या."

रविवारी जागेवर कुणी नसायचं. ताईंच्या हातात किल्ली आणि थर्मास, बरोबर बॅगवाले. वॉचमनकाकांनी दोघांकडे पाहिलं, हळूच खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. "माझी मान आखडलीय," ते म्हणाले. "मागे वळायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज झाला आणि दोघं हॉलमध्ये उभी राहिली. काय करायचं ते कुणालाच सुचेना. मेणाची फळं बाजूला सारून ताईंनी टेबलावर थर्मास ठेवला. कप भरले. बॅगवाल्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी झालीय."

बस्स. तेवढं निमित्त पुरलं.

"कमी झालीय? मला न विचारता दुकानातली कपाटं विकलीत तेव्हा कमी-जास्त दिसलं नाही का?"

"अगं, त्याचा इथे काय संबंध?"

"मी जाऊन बघते तर भिंती नुसत्या उघड्या! आणि इतक्या लांबच्या नोकरीला हो म्हणून मोकळे झालात. मला विचारलंत? सांगितलंत फक्त."

"विचारायला वेळ होता कुठे? आणि तू तरी काय म्हणालीस? 'जा' म्हणालीस. एकदा तरी 'नका जाऊ' म्हणालीस?"

"भावाच्या हॉलमध्ये उभं राहून म्हणायचं होतं का मी ते?"

आवाज चढले. किती वर्षं साठलेलं होतं. जिन्यात बोलता आलं नव्हतं, बाकड्यावर बोलता आलं नव्हतं, वेटरसमोर तर नाहीच नाही. भांडायलासुद्धा दार लावता येईल अशी जागा लागते. ताई रडल्या, बॅगवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली, टोपलीतलं एक सफरचंद गडगडत जमिनीवर गेलं आणि टप्पा घेऊन सोफ्याखाली शिरलं. त्या मेणाच्या उडीकडे दोघंही बघत राहिली. आधी बॅगवाल्यांना हसू फुटलं. मग ताईंनाही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नव्हतं जायला पाहिजे तुम्ही."

"हं," बॅगवाले म्हणाले. "नव्हतंच जायला पाहिजे."

ती सबंध दुपार ती दोघं त्या घरात राहिली. बाल्कनीतल्या दोन खुर्च्यांवर बसली, पलंगावर शेजारी शेजारी पडून छताकडे बघत बोलली, मधेच नुसती पडून राहिली. ताई भिंतीकडच्या बाजूला होत्या. उन्हं उतरल्यावर त्या उठल्या, चादर झटकली, नीट घातली. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि दोन तासांत हॉलची भिंत खाली बसली. ताई धुळीत उभ्या राहून बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा, ताई, नाकात जाईल." ताई हलल्या नाहीत.

इमारत पुरी झाली, नळांना पाणी आलं आणि ताईंना खोली मिळाली. एक खिडकी, एक पलंग, एक कपाट, आतून लागणारी कडी. पहिल्या संध्याकाळी ताईंनी ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग पलंगावर बसून त्यांना इतकं एकटं वाटलं, की भावाकडच्या टीव्हीचा आवाजसुद्धा हवासा झाला. बाकीच्या खोल्या भराभरा भरल्या. एक नर्स होती, एक बँकेतला, एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. सगळ्यांचा स्वयंपाक एका ओट्यावर. ओटा तोच राहिला होता, आणि समोरची खिडकीही. सकाळी भाजी परतताना ताई खिडकीतून खाली बघायच्या. कुणी जेवायला येणार नाही हे ठाऊक असून बघायच्या.

बॅगवाले आले तर नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या जागेत बसायचं. नर्सबाई एकदा त्यांना तसं बसलेलं पाहून मॅडमकडे गेल्या आणि तावातावानं म्हणाल्या, "माझाही नवरा परगावी आहे. बँकवाल्याची बायको तिसऱ्याच ठिकाणी. तुम्ही खोल्या एकट्यांना देता, पण आम्ही एकटे नाही आहोत हो, नुसते लांब आहोत." मॅडमनी ऐकून घेतलं. अशाच तक्रारी दुसऱ्या इमारतींतूनही येत होत्या, असं पुढे कळलं. थोड्या दिवसांनी नियम बदलला. नवरा किंवा बायको आली तर राहू शकेल. काही खोल्यांत मोठे पलंगही आले, त्यांपैकी एक ताईंच्या खोलीत.

मग ती सुट्टी आली. बॅगवाले पाठीवर पिशवी टाकून आले. ताईंनी त्यांच्या आवडीचं केलं, दोघं खोलीत बसून जेवली, कडी लागली. सगळं जसं हवं होतं तसं झालं, आणि झोपच येईना. बॅगवाल्यांना रात्री जागायची सवय. ताईंना कुशीवर वळताना हात पसरायची सवय लागलेली. त्यांचा कोपर यांच्या बरगडीत, यांचा गुडघा त्यांच्या पोटरीत. "सरका जरा." "अगं, आणखी कुठे सरकू? खाली पडेन." सकाळी दोघांचे डोळे लाल. ताईंना वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला, ते हाताशी आल्यावर अंगालाच नकोसं व्हावं?

"होईल सवय," बॅगवाले म्हणाले. "इथे कंपनीचं छोटं गोदाम निघतंय. बदलीचा अर्ज दिलाय मी. बघू."

"मला विचारलंत?"

"आता विचारतोय."

ताईंनी चहात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. जेवणं झाली, पिशवी भरून दाराशी ठेवली. "पाच मिनिटं पाठ टेकतो," म्हणून बॅगवाले आडवे झाले आणि बघता बघता त्यांना झोप लागली. साधीसुधी नाही. तोंड अर्धवट उघडं, एक हात ताईंच्या बाजूला मोकळा टाकलेला. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. ताई कडेला बसून बघत राहिल्या. कपाळावरच्या आठ्या झोपेतही गेल्या नव्हत्या. कानामागचे केस पांढरे झालेले त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. जिन्यातल्या फोनवर ते कसं दिसणार होतं?

उठवायची वेळ झाली. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बाहेर नर्सबाई कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होत्या. ताई उठल्या, दार किलकिलं केलं, "जरा हळू हं," म्हणाल्या आणि पुन्हा लावून घेतलं. मग अलगद पलंगावर चढून त्या भिंतीकडच्या बाजूला टेकल्या.

बॅगवाल्यांना जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं.

"बस गेली?" ते धडपडत उठून बसले.

"गेली."

"अगं, आज पाळी होती माझी! उठवलं का नाहीस?"

"नका जाऊ म्हणतेय," ताई म्हणाल्या.

बॅगवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "सरक जरा तिकडे."